अपघातानंतर पर्यायी वाहन : विम्याने काय मिळते?

मोटार अपघातात माणसे सुखरूप राहिली, तरी वाहन दुरुस्तीसाठी अडकून पडते. रुग्णाला तालुक्याच्या रुग्णालयात नेणे किंवा शेतमाल बाजारात पोहोचविणे मात्र थांबत नाही. त्यासाठी घेतलेल्या भाड्याच्या वाहनाचा खर्च विमा कंपनी देईल, असा अनेकांचा समज असतो. तो बहुधा खरा ठरत नाही.

मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 146 अन्वये सक्तीचा असलेला विमा त्रयस्थ व्यक्तीच्या हानीपुरता असतो. सर्वसमावेशक विम्यात स्वतःच्या वाहनाच्या दुरुस्तीचा खर्च मिळतो. परंतु वाहन वापरता न आल्याने होणारे नुकसान सर्वसाधारणपणे वगळलेले असते. त्यासाठी जादा हप्ता भरून ‘दैनिक भत्ता’ हे पूरक संरक्षण आधीच घ्यावे लागते. त्यात ठराविक दिवसांपुरती ठराविक रक्कम मिळते.

अपघात दुसऱ्या वाहनाच्या चुकीने झाला असल्यास, मालमत्तेच्या नुकसानीचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे मांडता येतो. 2019 च्या दुरुस्तीने या अर्जासाठी सहा महिन्यांची मुदत घातली असून ती 1 एप्रिल 2022 पासून अमलात आली. म्हणून दिरंगाई करू नये. वाहन दुरुस्तीस देण्यापूर्वी कंपनीला कळवावे; पंचनाम्याची प्रत व भाड्याच्या पावत्या जपून ठेवाव्यात.

विमापत्र अपघातानंतर नव्हे, तर नूतनीकरणाच्या वेळीच वाचावे, ही गोष्ट शिक्षक व पंचायत सदस्यांनी गावोगावी समजावून सांगितल्यास अनेक कुटुंबांचा अनपेक्षित भुर्दंड टळेल.