गुंज : सोन्याचे माप, विषाची बी

आमच्या इनामगावात कुंपणावर गुंजेचा वेल चढतो. शेंगा उकलल्या की तांबड्या, टोकाशी काळ्या बिया चमकू लागतात. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा, म्हणजे ९६ गुंजांचा एक तोळा, असे सोनाराचे जुने कोष्टक होते. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानंतर मेट्रिक पद्धत आली व गुंज तराजूतून उतरली. ‘गुंजभर सोने’ हा शब्दप्रयोग तेवढा मागे उरला.

परंतु हीच बी विषारी आहे. आयुर्वेदाने तिची गणना उपविषांत केली असून वैद्य ती दुधात किंवा कांजीत शिजवून, शुद्ध करूनच वापरतात. वेलीचा गोडसर पाला मात्र विड्यात घालतात. बीमधील ॲब्रिन पेशींतील प्रथिनांची घडण थांबवते. कवच टणक असल्याने अखंड गिळलेली बी पुष्कळदा तशीच बाहेर पडते. चावलेली किंवा माळेसाठी भोक पाडलेली बी घातक ठरू शकते. वांती-जुलाब काही तासांनी सुरू होतात. या विषावर उतारा नाही.

माझी आजी शाळेत गेली नाही, पण लहान मुलांच्या हाती ती गुंजा देत नसे. कोष्टक विसरले तरी चालेल; तिची ही सावधगिरी विसरता कामा नये. मुलाने बी चावल्यास लक्षणांची वाट न पाहता त्याला दवाखान्यात न्यावे.