बेला बोस फोनवर आली का?

प्रश्न : आमच्या ऑफिसातले बंगाली सहकारी सहलीला गेले की एक गाणं हमखास म्हणतात आणि मध्येच सगळे मिळून एक फोन नंबर ओरडतात. कोणत्या बँडचं हे गाणं? आणि तो नंबर खरा होता का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : बँडचं नव्हे, एकट्या अंजन दत्त यांचं. मृणाल सेन यांच्या ‘चालचित्र’पासून (१९८१) कोलकाता त्यांना नट म्हणून ओळखत होतं, गायक म्हणून त्यांचा पहिला अल्बम ‘शुनते की चाओ’ आला १९९४ मध्ये. तुम्ही म्हणता ते ‘२४४११३९’ त्यातलंच. लोक मात्र त्याला ‘बेला बोस’च म्हणतात.

त्याआधी दोनच वर्षं सुमन चट्टोपाध्याय यांच्या ‘तोमाके चाई’ने बंगाली गाणं गिटार घेऊन रस्त्यावर आणलं होतं. अंजनबाबूंनी त्याला बेकार तरुणाच्या पोटातली धाकधूक दिली. नोकरी लागल्याचं सांगायला एक मुलगा सार्वजनिक फोनवरून बेलाला गाठू पाहतो. पगार सुरुवातीला अकराशे, तीन महिन्यांनी कायम. आता घरच्यांनी आणलेलं स्थळ तिने मोडावं, एवढंच त्याचं मागणं. प्रेमात संशय म्हटला की आपल्याला तिसरा माणूस आठवतो; इथे तिसऱ्या माणसापेक्षा नेमणुकीचं पत्र वेळेत आलं की नाही, याचीच भीती जास्त.

गाण्याची खरी करामत मात्र वेगळी. मीटर पळतंय, तो बोलतोय, आणि बेलाचं एक अक्षरही आपल्या कानी पडत नाही. ती रडते आहे हेसुद्धा तोच सांगतो. आनंदाने रडते, की तिकडे लग्न पक्कं झालंय? मला विचाराल तर तिला उशीर झालेला असावा. पण यावर बंगाली माणसाशी वाद घालू नका, दुपार जाईल.

नंबर खरा निघाला. कोणाचा तरी चालू फोन होता आणि ‘बेलाला बोलवा’ म्हणणाऱ्यांनी त्या घराला भंडावून सोडलं. पुढे कोलकात्याचे नंबर आठ आकडी झाले, गाण्यातला सातच आकडी राहिला.

बँडच ऐकायचा असेल, तर रूपम इस्लाम यांच्या ‘फॉसिल्स’च्या पहिल्या अल्बममधलं (२००२) ‘एकला घर’ लावा. तिथे पगाराबिगाराची भानगड नाही, फक्त एकटेपणा, आणि गिटार चांगलीच कडाडणारी.