अतिशीत स्थितींत किरणोत्सर्गी धातूंचें उष्णतावहन

चुलीवरील दुधांत पितळेची पळी तशीच राहिली, तर थोड्याच वेळांत तिचा दांडा हाताला चटका देतो. लांकडी पळीचा दांडा मात्र थंडच असतो. धातूंतून उष्णता इतक्या त्वरेनें कां जाते, हें आपण प्रथम पाहूं. धातूच्या परमाणूंच्या रांगांमधून असंख्य इलेक्ट्रॉन मोकळे फिरत असतात, व तेच उष्णतेचे हमाल होत. त्यांच्या वाटेंत दोन विघ्नें येतात: एक परमाणूंचें कंपन, व दुसरें त्या रांगांतील बिघाड.

धातु थंड करीत गेल्यास पहिलें विघ्न ओसरतें. हॉलंडमधील लायडन येथें कामर्लिंग ओनेस यांनीं १९०८ सालीं हीलियम वायूचा द्रव केला. तेव्हांपासून केवलशून्याच्या, म्हणजे बर्फाच्या उष्णमानाखालील २७३ व्या अंशाच्या, अगदीं निकट जातां येऊं लागलें. अत्यंत शुद्ध तांबें केवलशून्याच्या वर दहा-वीस अंशांवर असतां नेहमींच्या कित्येक पट उष्णता वाहून नेतें. त्याहून खालीं मात्र हमालांजवळ ओझेंच उरत नाहीं, व वहन पुन्हां घटतें.

किरणोत्सर्गी धातूंचें काय होतें? युरेनियम व थोरियम यांचे निम्मे परमाणु फुटावयास अब्जावधि वर्षें लागतात. म्हणून या बाबतींत ते बहुतांशीं इतर धातूंप्रमाणेंच वागतात. प्लुटोनियमची गोष्ट निराळी. त्याच्या २३९ भाराच्या परमाणूंपैकीं निम्मे सुमारें २४,००० वर्षांतच फुटतात. साध्या उष्णमानावरही तो तांब्याच्या साठाव्या हिश्श्याइतकीच उष्णता वाहतो. शिवाय तो स्वतःच तापत असतो. त्याच्या एका किलोग्रॅममधून सुमारें दोन वॅट उष्णता अखंड निघते. ही उष्णता क्षुल्लक वाटेल. पण तिनें तासाला अडीच लिटरांहून अधिक द्रव हीलियम उकळून जाईल! म्हणून प्रयोगास अगदीं लहान तुकडा घ्यावा लागतो.

याहून मोठी अडचण पुढेंच आहे. परमाणु फुटला, कीं एका बाजूस हीलियमचा अणुगर्भ व दुसऱ्या बाजूस युरेनियमचा अणुगर्भ वेगानें फेंकला जातो. या धक्क्यानें दोन हजारांच्या आसपास परमाणु जागचे हलतात. साध्या उष्णमानावर त्यांतील बहुतेक पुन्हां ठिकाणीं येतात. अतिशय थंडींत त्यांना हलण्याची शक्तिच नसते. रांगा मोडल्या त्या मोडल्याच राहतात. दुसरें विघ्न असें दिवसेंदिवस वाढून इलेक्ट्रॉनांची वाट अडते. तोच तुकडा पुन्हां साध्या उष्णमानावर आणला, तर बराचसा बिघाड आपोआप भरून येतो.

यावरून विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें, कीं अशा धातूचें उष्णमान अचूक मोजणें पुरेसें नाहीं. तो थंडींत किती वेळ होता, हेंही वहींत लिहिलेंच पाहिजे. एरवीं काल व आज घेतलेले आंकडे जुळणार नाहींत, आणि दोन्ही खरे असूनही आपण त्यांतील एकास उगाच खोटा ठरवूं.