शेऱ्यातली दुसरी ओळ

राहू, ता. दौंड

चि. अश्विनीस,


परवा फोनवर तू तुझा वर्ग तपासायला आलेल्या केंद्रप्रमुखांबद्दल भरभरून बोललीस. ते खुर्चीत कसे रेलून बसले, मुख्याध्यापक बाईंच्या देखत कसे बोलले, चहा आल्यावर कसे हसले. मी मध्येच विचारलं, "पण शेऱ्यात लिहिलंय काय?" तर म्हणालीस, "फळ्यावरच्या अक्षराबद्दल काहीतरी, आणि अजून एकदोन गोष्टी." त्या एकदोन गोष्टींसाठी हे पत्र.

तुझ्या मामांचंच बघ. गुऱ्हाळ चालवत होते तेव्हा एका आडत्यानं त्यांच्या ढेपा चारचौघांत बाजूला काढल्या. तो माणूस कसा उभा होता, कोण कोण फिदीफिदी हसलं, हे मामा आजही साभिनय सांगतात. पण तो आणखी एक वाक्य बोलला होता: रस कढताना मळी नीट काढली जात नाही, म्हणून गूळ काळा पडतो. हे तो बोलला होता, यावर मामांचा आजही विश्वास बसत नाही. मला मात्र ते लख्ख आठवतं. आठवणारच, बोल मला थोडाच लागला होता!

हा काही मामांचाच स्वभाव नव्हे. सेडिकिडीज आणि ग्रीन या मानसशास्त्रज्ञांनी 2000 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. बऱ्यावाईट वागण्याची वाक्यं काहींना स्वतःबद्दलची समजून वाचायला दिली, काहींना 'क्रिस' नावाच्या भलत्याच माणसाबद्दलची म्हणून. नंतर आठवायला सांगितलं, तर क्रिसचे दोष नीट आठवले आणि स्वतःचे गळून गेले. पण सगळे नाही, आणि मला खरी गंमत इथंच वाटते. जे गुण माणसाला स्वतःपुरते फार महत्त्वाचे वाटतात, म्हणजे दयाळूपणा, विश्वासूपणा, त्यांवर बोट ठेवणारी वाक्यंच गळाली. किरकोळ बाबतीतला दोष आठवणीत राहिला.

आता तुझा शेरा बघ. अक्षराचं तुला आठवतं, कारण अक्षर सुधारता येतं आणि त्यानं तू वाईट शिक्षिका ठरत नाहीस. जे आठवत नाही ते बहुधा पोरांशी तुझ्या वागण्याबद्दल असणार. माझा अंदाज चुकीचा असेल तर फोन करून खुशाल भांड.

त्याच लोकांनी पुढे 2008 साली असंही दाखवलं, की हा विसरलेला दोष पुसला गेलेला नसतो. आपण होऊन आठवत नाही, पण समोर ठेवला तर माणूस ओळखतो. त्यामुळे शाळेतल्या शेरेबुकावर कितीही राग आला तरी माझं मत त्याच्या बाजूनं आहे. डार्विनला हे प्रयोगाविना कळलं होतं. आपल्या सिद्धान्ताच्या विरोधात जाणारी एखादी गोष्ट वाचनात किंवा मनात आली, की तो ती तिथल्या तिथे टिपून ठेवायचा. अशा गोष्टी सोयीच्या गोष्टींपेक्षा लवकर निसटतात, असा स्वतःचा अनुभव त्यानं आत्मचरित्रात नोंदवला आहे.

लांब कशाला जायचं, आपल्या शेजारी केडगाव आहे. मुक्ती मिशनवरून तू कितीदा गेली असशील. ते उभारणाऱ्या पंडिता रमाबाई 1883 ला इंग्लंडला गेल्या, तिथे ख्रिस्ती झाल्या, आणि मग सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या गुरुस्थानी असलेल्या बाईंनीच त्यांना हट्टी, गर्विष्ठ म्हणून पत्रांतून सुनावलं. इकडे पुण्यात 1893 ला त्यांच्या शारदा सदन या शाळेवरून 'केसरी'नं झोड उठवली, पालकांनी मुली काढून नेल्या, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. इतकं दोन्ही बाजूंनी ऐकून घेतलेली बाई आपल्या भागात दुसरी नसेल. जेराल्डीनबाईंनी ती पत्रं जपली आणि 1977 ला महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं ती छापली. ती वाचताना दिसतं, की रमाबाई नुसत्या दुखावून बसलेल्या नाहीत. आरोपाचा मुद्दा कोणता, हे धरून त्या उत्तर देतात, वाद घालतात, आणि पटत नाही तिथे स्पष्ट नाही म्हणतात. समोर कागद असला की असं करता येतं.

दुसऱ्या रमाबाई, रानड्यांच्या. त्या लिहायवाचायला, पुढे इंग्रजी शिकू लागल्या, पंडिताबाईंच्या व्याख्यानांना जाऊ लागल्या, म्हणून घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी त्यांना टोमणे मारले. ते सारं 1910 च्या त्यांच्या आठवणींत आहे, म्हणजे पाव शतकाहून अधिक काळ लोटल्यावरही ताजं. त्या टोमण्यांत सुधारून घेण्यासारखं काही नव्हतं. तरी रमाबाईंनी ते लिहिले हे बरंच झालं, नाहीतर त्या काळी शिकणाऱ्या सुनेला घरात काय सोसावं लागे ते आपल्याला कुठून कळलं असतं? सांगायचं एवढंच, की लक्षात राहिलं म्हणून बोलणं खरं ठरत नाही आणि विसरलं म्हणून खोटंही ठरत नाही.

तेव्हा एक कर. उद्या शेरेबुक मागून घे आणि शेरा आपल्या हातानं वहीत उतरव, एकही ओळ न गाळता. केंद्रप्रमुखांचं हसणं, चहा, बाईंचा चेहरा यातलं काही त्या वहीत येऊ देऊ नकोस. ते ऐकायला मी आहे, रात्री फोन कर. बाईंनी, पालकांनी तोंडी काही सांगितलं तर तेही त्याच दिवशी लिही, झोपण्याआधी. दुसऱ्या दिवशी ते सौम्य होऊन उतरतं.

मग एकेक ओळ तपास. समज, मागच्या बाकावरच्या पोरांना तू प्रश्नच विचारत नाहीस असं लिहिलेलं निघालं, तर लगेच मान्यही करू नकोस आणि चिडूही नकोस. आठवडाभर पोरांच्या नावांपुढे खुणा करत जा, कुणाला किती वेळा विचारलंस त्याच्या. खुणा सगळीकडे सारख्या पडल्या तर पुढच्या भेटीत तो कागद केंद्रप्रमुखांपुढे ठेव. नाही पडल्या तर कागद कुणाला दाखवायची गरज नाही, त्या पोरांची नावं तेवढी वर घे.

दादाला आणि वहिनीला नमस्कार सांग.

तुझी,
आत्या