घरच्या बागेंतील फुलझुडपें : निवड, लागवड व छाटणी

घरापुढें चार हात मोकळी जागा असली म्हणजे तेथें कांहीं फुलझाडें असावींत असें कोणासही वाटतें. पूर्वीच्या वाड्यांत ही जागा तुळशीवृंदावन, एखादा पारिजातक आणि परसांतील अळू यांनींच भरून जात असे; निवडीचा प्रश्न फारसा उद्भवत नसे. आतां चाकणच्या परिसरांत कारखाने आले, त्यांच्यामागें नवी वस्ती आली, आणि नव्या घराच्या कुंपणालगत काय लावावें हा विचार घरोघर होऊं लागला आहे. अशा वेळीं मनुष्य सहसा चित्रांकडे पाहतो, आणि तीं चित्रें बहुधा थंड देशांतील बागांचीं असतात. त्यांत एक झुडूप वारंवार दिसतें. जमिनीपासून पुष्कळ बारीक फांद्या निघून कमानीसारख्या वांकलेल्या, आणि प्रत्येक फांदी टोंकापर्यंत पांढऱ्या फुलांच्या लहान लहान गुच्छांनीं झांकलेली. या झुडपाचें नांव स्पायरिया. हें चाकणांत लावतां येईल काय, न आल्यास त्याच्या जागीं काय लावावें, आणि जें लावूं तें कसें राखावें, याचा विचार आम्ही या लेखांत करणार आहों.

स्पायरिया हें गुलाबाच्या कुळांतील झुडूप. याच्या पुष्कळ जाती असून त्या उत्तर गोलार्धाच्या समशीतोष्ण प्रदेशांत आढळतात. चीन व जपान येथील जाती बागांतून विशेष मान्य आहेत. आपल्या देशांतही हिमालयाच्या उतारांवर कांहीं जाती रानटी उगवतात. या नांवाची एक गंमत सांगण्यासारखी आहे. यूरोपांतील ओलसर कुरणांत उगवणारी एक वनस्पति पूर्वीं याच वर्गांत गणली जाई, व तिजपासून सॅलिसिलिक आम्ल मिळत असे. १८९९ सालीं जर्मनींतील बायर कंपनीनें आपल्या नव्या वेदनाशामक औषधास ‘अ‍ॅस्पिरिन’ हें नांव दिलें, त्यांतील ‘स्पिर’ हीं अक्षरें या वनस्पतीच्या नांवांतून आलेलीं आहेत. म्हणजे स्पायरिया ज्यानें कधीं पाहिला नाहीं त्याच्याही घरांत त्याचें नांव पोंचलेलें असतें.

परंतु नांव पोंचलें म्हणून झाड पोंचतेंच असें नाहीं. हिवाळ्यांत स्पायरियाचीं पानें गळतात आणि तो कित्येक आठवडे थंडींत झोंपी जातो. ती झोंप पुरी झाली म्हणजेच वसंतांत त्याच्या कळ्या जोमानें फुटतात. आमच्या इकडे पौषांतल्या रात्री गार असतात खऱ्या, परंतु दुपारीं ऊन चांगलेंच तापतें. अशी अर्धवट झोंप झालेलें झाड पुढें चैत्र-वैशाखाच्या कोरड्या उन्हांत सांपडतें. तें जगलें तरी रडतखडत जगतें, आणि चित्रांतल्यासारखें तर कधींच फुलत नाहीं. म्हणून सपाटीवरील दख्खनेंत त्याच्या नादीं लागूं नये असें आमचें स्पष्ट मत आहे. चित्रांत आपणांस आवडलें तें काय, एवढेंच पाहावें : वांकलेली फांदी आणि तिच्यावर भरगच्च फूल. हें दोन्ही आमच्या डोंगरांत आहे.

तत्पूर्वीं आपल्या जमिनीची व पाण्याची ओळख करून घेतली पाहिजे. लोणावळ्यास वर्षाकाठीं चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, पुण्यास सुमारें सातशें. चाकणची स्थिति पुण्याच्याच जवळची. चार महिने सोडले तर आभाळाचा आधार नाहीं. जमीन कोठें काळी, पावसांत चिकट होणारी व उन्हाळ्यांत हातभर भेगाळणारी. कोठें माळाची, वीतभर मातीखालीं मुरूम. नव्या घरांभोंवतीं याहून वाईट प्रकार दिसतो. बांधकामाचा राडारोडा, विटांचे तुकडे आणि सिमेंटचा चुरा पसरून त्यावर चार बोटें लाल माती टाकलेली असते. अशा जागीं लावलेलें रोप पावसाळ्यांत टवटवीत दिसतें व दुसऱ्या उन्हाळ्यांत मरतें. मग दोष रोपवाटिकेस दिला जातो. आणि वैशाखांत टँकरचें पाणी विकत घेणाऱ्या घरास तर रोज पाणी मागणारें झुडूप हा मोठाच भार होय. चाकणच्या बाजारांत कांदा आणणाऱ्या शेतकऱ्यास हें सांगावें लागत नाहीं. खरीप, रांगडा आणि रब्बी या तीन हंगामांत कोणतें बीं कोणत्या रानांत टाकावें हें तो जाणतो. चित्र पाहून तो कांदा लावीत नाहीं. फुलझाडासही तोच नियम लागू आहे.

स्पायरियाची जागा घेण्यास सर्वांत योग्य झुडूप आमच्या मतें धायटी होय. संस्कृतांत हिला धातकी म्हणतात. सह्याद्रीच्या उघड्या उतारांवर, जेथें माती थोडी व खडक फार, तेथें ही आपोआप वाढते. उंची पुरुषभर किंवा थोडी अधिक. बुडापासून अनेक फांद्या निघून त्या चहूंकडे झुकतात. माघ ते चैत्र या काळांत, डोंगर करपून गेलेले असतांना, हिच्या फांद्यांवर पानांच्या बेचक्यांतून नळीच्या आकाराचीं तांबडीं फुलें इतकीं दाट येतात कीं दुरून फांदी पेटल्यासारखी दिसावी. फुलांत मध असल्यामुळें शिंजीर व बुलबुल यांची वर्दळ सुरू होते. आयुर्वेदांतील आसवें व अरिष्टें यांत आंबवणासाठीं धायटीचीं सुकीं फुलें घालतात, आणि पूर्वीं त्यांपासून तांबडा रंगही काढीत. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यानें हिचें कूळ अवश्य ध्यानांत ठेवावें : मेंदी, तामण आणि डाळिंब हीं सर्व धायटीचीं भावंडें आहेत. एकदां मुळें धरलीं कीं हिला पाण्याची मातबरी नाहीं.

अडचण एकच, कीं ती रोपवाटिकेंत सहजासहजीं मिळत नाहीं. म्हणून कोणी डोंगरावर जाऊन उभें झुडूप खणून आणतात. असें मुळींच करूं नये. खडकांत गेलेलीं मुळें तुटतात, झुडूप घरीं येऊन मरतें, आणि डोंगर तेवढा उघडा पडतो. त्यापेक्षां उन्हाळ्यांत पिकलेलीं बोंडें मूठभर आणावींत. बीं धुळीसारखें बारीक असतें. चाळलेल्या मातीच्या कुंडींत तें वरच्यावर भुरभुरावें, मातीनें झांकूं नये, आणि वरून पाणी न घालतां कुंडी पाण्याच्या परातींत ठेवून खालून ओल चढूं द्यावी. नाहीं तर पहिल्याच धारेनें सारें बीं एका कोपऱ्यांत जाऊन बसतें. अशीं रोपें पुढल्या पावसाळ्यांत जमिनींत लावण्याजोगीं होतात.

ज्यांस पांढरेंच फूल हवें असेल त्यांनीं कुंती लावावी. हिला कामिनी असेंही नांव आहे. ही लिंबू व कढीलिंबाच्या कुळांतली. पानें गर्द हिरवीं व चकचकीत, फुलें पांढरीं, सुगंधी, झुबक्यांनीं येणारीं. पावसाच्या चांगल्या सरीनंतर एकाएकीं सारें झुडूप फुलतें व चार दिवसांत मोकळें होतें. पाणी हिला धायटीपेक्षां थोडें अधिक लागतें. तगर हीही उत्तम. काडीपासून येते, सावली थोडीबहुत सोसते, आणि देवपूजेस बारा महिने फूल देते. केवळ कुंपणच पाहिजे असेल तर मेंदीसारखें काटक दुसरें नाहीं. मात्र जी मेंदी वारंवार कातरून भिंतीसारखी सपाट ठेवावी ती फुलत नाहीं, आणि मग तिचा तो मंद सुवास घरास कधीं कळत नाहीं.

झाड विकत घेतांना त्याचें नांव नीट विचारून घ्यावें, कारण बाजारी नांवांचा घोंटाळा फार. कण्हेर म्हटली म्हणजे तांबडी व पांढरी वेगळी, आणि पिवळी, जिला बिट्टी म्हणतात, ती निराळीच वनस्पति. मराठी भाषेचें व्याकरण १८०५ सालीं छापणारे विल्यम कॅरी हे मिशनरी गृहस्थ नांवांच्या बाबतींत किती काटेकोर होते हें पाहण्यासारखें आहे. रॉक्सबर्ग यांच्या भारतीय वनस्पतींवरील ग्रंथाचा पहिला भाग त्यांनीं १८२० सालीं श्रीरामपुराहून संपादून प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षीं शेती व बागाईत यांच्या सुधारणेसाठीं एक संस्थाही स्थापन केली. भाषेचा शब्द आणि झाडाचें नांव या दोहोंची त्यांस सारखीच आस्था होती. नांवाकडे दुर्लक्ष केल्यानें नुसती फसवणूक होते असें नाहीं, कधीं जिवावरही बेततें. कण्हेर व बिट्टी या दोहोंचें पान, फूल, बीं, चीक, सर्व विषारी आहे. ज्या घरांत रांगतें मूल आहे किंवा ज्याच्या कुंपणाजवळून गुरें जातात, तेथें हीं लावूं नयेत; आणि आधींच असलीं तर त्यांच्या छाटलेल्या फांद्या गुरांपुढें पडूं देऊं नयेत व चुलींतही घालूं नयेत, कारण धूरही अपायकारक असतो. घाणेरीचीं रंगीत फुलें पाहून मोह होतो, परंतु ती अमेरिकेंतून आलेली पाहुणी असून पांखरांच्या पोटांतून तिचें बीं माळभर पसरतें. ती गुरांस बाधते. तिला बागेंत जागा देऊं नये.

आतां लागवड. खड्डा वैशाखांतच खणावा, दीड ते दोन फूट लांब, रुंद व खोल. मुरूम लागल्यास आणखी मोठा. राडारोडा असेल तर तो सगळा उपसून बाहेर काढावा, यांत आळस करूं नये. खड्डा पंधरा दिवस उन्हांत तापूं द्यावा. मग वरच्या थराची माती, चांगलें कुजलेलें शेणखत व पालापाचोळा मिसळून तो भरावा. ताजें शेण घालूं नये. तें तापतें व हुमणीही येते. मृगाचा किंवा आर्द्रेचा पाऊस चांगला मुरल्यावर ढगाळ दिवस पाहून संध्याकाळीं रोप लावावें. पिशवींत रोप जितकें खोल होतें तितकेंच जमिनींत असावें, बुंधा मातींत पुरूं नये. काळ्या जमिनींत पाणी तुंबतें, म्हणून तेथें वीतभर उंच वरंब्यावर लावावें. दोन धायट्यांमध्यें पांच फुटांचें अंतर हवें. पहिल्या वर्षीं तें विरळ दिसतें, व पुष्कळांस न राहवून मध्यें आणखी एक रोप खुपसण्याची इच्छा होते. ती आवरावी. मेंदीचें कुंपण मात्र वीत-सव्वा वीत अंतरानें दाट लावावें.

पाण्याविषयीं एकच तत्त्व : थोडें थोडें रोज घालण्यापेक्षां पुष्कळसें आठवड्यानें घालावें. रोज तांब्याभर पाणी घातलें तर मुळें वरच राहतात व एक दिवस पाणी चुकलें कीं रोप माना टाकतें. खोल ओल मिळाली तर मुळें तिच्यामागें खालीं जातात. पहिल्या हिवाळ्यांत आठ दिवसांनीं, उन्हाळ्यांत चार-पांच दिवसांनीं आळें भरून पाणी द्यावें. धायटीस दुसऱ्या वर्षीं याच्या निम्मेंही पुरतें. रोपाजवळ मडकें पुरून तें भरून ठेवण्याची जुनी पद्धत फार चांगली. आळ्यांत उसाचें पाचट किंवा सुकीं पानें चार बोटें पसरावींत, फक्त तीं बुंध्यास चिकटूं देऊं नयेत.

सर्वांत अधिक नुकसान होतें तें छाटणींत, आणि तेंही हौसेनें. दिवाळी आली कीं घराची झाडलोट होते, भिंतींस रंग लागतो, व त्याच झपाट्यांत बागेंतलें प्रत्येक झुडूप कात्रीनें चेंडूसारखें गोल कापलें जातें. धायटीस याहून मोठा घात नाहीं. तिचीं माघांतलीं फुलें नुकत्याच सरलेल्या पावसाळ्यांत वाढलेल्या फांद्यांवर येतात. त्याच फांद्या आश्विन-कार्तिकांत कापल्या तर वर्षभराचीं फुलें कचऱ्यांत गेलीं. मग धायटी फुलत नाहीं अशी तक्रार होते. स्पायरियाच्या बाबतींत तिकडचे माळी हाच भेद कटाक्षानें पाळतात. वसंतांत फुलणाऱ्या पांढऱ्या जाती गेल्या वर्षींच्या काडीवर फुलतात, म्हणून त्या फुलें संपल्यावर छाटावयाच्या. उन्हाळ्यांत फुलणाऱ्या गुलाबी जपानी जाती नव्या फुटीवर फुलतात, म्हणून त्या हिवाळा सरतांना, पालवी फुटण्यापूर्वीं छाटावयाच्या. झाड परकें असलें तरी हा नियम आमच्या बागेस जसाच्या तसा लागू पडतो. मोगरा आणि जास्वंद नव्या फुटीवर फुलणारीं. मोगऱ्याचें पाणी मार्गशीर्षांत तोडून पौषाच्या सुमारास त्यास छाटावा. जास्वंदीची छाटणी थंडी ओसरतांना करावी. कुंतीस एक बहर ओसरल्यावर नुसतें वरवर नीट करावें.

आपलें झुडूप कोणत्या प्रकारचें आहे हें पुस्तकावांचून ओळखतां येतें. तें फुललें असतांना फूल कोठें बसलें आहे तें पाहावें. कोंवळ्या हिरव्या शेंड्यावर असेल तर तें नव्या फुटीचें झाड. तपकिरी, पक्व काडीवर असेल तर जुन्या काडीचें. ही परीक्षा विद्यार्थ्यांनीं आपल्या अंगणांतल्या चार झुडपांवर आजच करून पाहावी व वहींत टिपून ठेवावी.

धायटीची छाटणी वैशाखाच्या अखेरीस, पावसाच्या आधीं करावी. पहिलीं दोन वर्षें तिला हात लावूं नये. तिसऱ्या वर्षापासून दरसाल सर्वांत जुन्या, जाड फांद्यांपैकीं सुमारें एक तृतीयांश अगदीं जमिनीपाशीं कापाव्या व बाकीच्या जशा वांकल्या असतील तशा ठेवाव्या. शेंडे कापूं नयेत, कारण कमान शेंड्यामुळेंच दिसते. पावसाळ्यांत बुडाशीं नव्या काड्या निघतात आणि माघांत त्यांवर फूल येतें. शेजाऱ्यास बीं द्यावयाचें असेल तर एक-दोन जुन्या फांद्यांवरील बोंडें तपकिरी होईपर्यंत थांबावें व तीं कागदाच्या पिशवींत उतरवून घेऊन मगच कोयता चालवावा.