दुखत नाही म्हणून गाठ अंगावर काढू नका

‘दुखत नाही ना, मग राहू दे.’ मानेवर, काखेत किंवा जांघेत गाठ आलेले कितीतरी जण याच भरवशावर महिने काढतात. हा समज घातक आहे. लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग, याची गाठ बहुधा दुखतच नाही.

पन्नाशीतल्या एका शिक्षकांनी मानेवरच्या गाठीला आधी लेप लावला, मग व्हिडिओ पाहून काढे घेतले. शेवटी चिठ्ठीशिवाय स्टेरॉइडच्या गोळ्या आणल्या. गाठ बसली, घरचे निश्चिंत झाले. गोळ्या थांबताच ती पुन्हा वर आली. निदान निघालं फॉलिक्युलर लिम्फोमाचं.

तरीही गाठ बसली कशी? उत्तर पेशींच्या मरणात आहे. स्वतःला संपवण्याची सोय प्राण्यांच्या पेशींतच असते. सी. एलेगन्स या जेमतेम मिलिमीटरभर कृमीच्या वाढीत १,०९० शरीरपेशींपैकी १३१ ठरल्या वेळी मरतात. सेड-३ हे प्रथिन त्यांना मारतं, सेड-९ त्याला आवर घालतं. या शोधाबद्दल रॉबर्ट हॉर्विट्झ २००२ च्या नोबेलचे एक मानकरी ठरले. माणसात मारण्याचं काम कॅस्पेज प्रथिनं करतात, आवरण्याचं बीसीएल-२. दोन्ही यंत्रणा इतक्या सारख्या, की १९९२ मध्ये माणसाचं बीसीएल-२ कृमीत घातलं तेव्हा तिथल्या मरणाऱ्या पेशीही वाचल्या.

फॉलिक्युलर लिम्फोमात बहुधा १४ आणि १८ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात आणि बीसीएल-२ बेसुमार तयार होतं. मरायला हव्या त्या पेशी साचत जातात, म्हणून गाठ सावकाश, न दुखता वाढते. स्टेरॉइडमुळे त्यांतल्या काही मरतात. गाठ आटते, आजार राहतो. वर बायोप्सीत निदान हुकण्याचा धोका!

घाबरून मात्र जाऊ नका. बहुतेक गाठी घशाच्या, दातांच्या किंवा डोक्यातल्या फोडांच्या संसर्गाने येतात आणि ओसरतात. आपल्याकडे क्षयाच्या गाठीही पुष्कळ. त्या औषधांनी बऱ्या होतात. पण क्षयाची औषधंसुद्धा अंदाजाने सुरू करू नयेत.

गाठ तीन-चार आठवड्यांत ओसरली नाही, वाढत राहिली, टणक लागली किंवा गळपट्टीच्या हाडाच्या वर आली, तर लगेच दाखवा. सोबत रात्री कपडे भिजवणारा घाम, कारण न कळणारा ताप किंवा सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून जास्त वजन घटणं असेल, तर एक दिवसही दवडू नका.

जाताना आधी घेतलेल्या सगळ्या गोळ्या, काढे, लेप यांची पाकिटं बरोबर न्या. स्टेरॉइड घेतलं असेल तर ते बायोप्सीआधीच सांगा.