कार्ड खिशात, पण निर्णय घरात



आपल्या धर्मग्रामातील आम्ही काही स्वयंसेवक युवकांसाठी रक्तदान, नेत्रदान आणि अवयवदान या विषयांवर वर्ग घेत असतो, हे आपणांस ठाऊक आहेच. दहावी-बारावीची मुले, कॉलेजात जाणारे, नुकतेच नोकरीला लागलेले असे सर्वजण येतात. मुले मन लावून ऐकतात, भरपूर प्रश्न विचारतात. मग हा लेख कशासाठी, असे कोणी विचारील. तो मुख्यतः त्यांच्या आईवडिलांसाठी आणि आजी-आजोबांसाठी आहे. मुलाने वर्गात कितीही उत्साहाने संमती दिली, तरी खरी वेळ येते तेव्हा सही करावी लागते ती घरच्यांना.

रक्ताचे त्यामानाने सोपे आहे. अठरा वर्षे पूर्ण झालेला, किमान ४५ किलो वजनाचा आणि हिमोग्लोबिन १२.५ किंवा त्याहून अधिक असलेला निरोगी माणूस रक्त देऊ शकतो. एका वेळी ३५० किंवा ४५० मिलिलिटर रक्त घेतात. त्यातील पाण्याचा भाग शरीर एक-दोन दिवसांत भरून काढते, तांबड्या पेशी भरून यायला काही आठवडे लागतात. म्हणूनच पुरुषांनी तीन महिन्यांनी आणि स्त्रियांनी चार महिन्यांनी पुन्हा द्यावे असा नियम आहे. ‘रक्त दिले की पोरगा खंगतो’ हे आजीचे म्हणणे मायेचे आहे, पण खरे नाही.

पूर्वी आपल्या देशात पैसे घेऊन रक्त देणारे लोक होते. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून ही पद्धत बंद झाली. तेव्हापासून रक्तपेढी चालते ती तुमच्या-आमच्या इच्छेवर. आणि इथे आम्हांला एक गोष्ट स्पष्ट सांगावीशी वाटते. वर्षातून एकदा सणाला शिबिर, प्रमाणपत्र, फोटो, एवढ्यावर रक्तपेढीचे भागत नाही. तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स तर फक्त पाच दिवस. थॅलेसेमिया झालेल्या लहान मुलांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते, त्यात मे महिन्याची सुट्टी नसते. आपल्याकडे मात्र मे महिना म्हणजे लग्ने आणि पाहुणे. कॉलेजे बंद, शिबिरे नाहीत, आणि रक्तपेढ्यांत टंचाई. म्हणून आम्ही मुलांना सांगतो की शिबिराची वाट पाहू नका. वाढदिवसाची तारीख धरा आणि तिथून तीन-चार महिन्यांचा हिशेब ठेवा.

दोन लहान सूचना. रविवारी कम्युनिअन घ्यायचे म्हणून काही मुले सकाळपासून काही न खाता येतात आणि मिस्सा आटोपून तशीच शिबिरात झोपतात. मग चक्कर येते, आणि बाहेर उभ्या असलेल्या दहाजणांचा धीर सुटतो. कम्युनिअनपूर्वी उपवास एक तासाचा आहे, सकाळी लवकर उठून न्याहारी करता येते. दुसरे म्हणजे, फॉर्मवरील प्रश्नांची उत्तरे खरी द्यावीत. काविळीचा इतिहास, चालू औषधे, अलीकडे काढलेला टॅटू, यांपैकी काहीही मित्रांसमोर लाज वाटते म्हणून लपवू नये. ते रक्त एखाद्या बाळाच्या शिरेत जाणार असते. मुलींना पुष्कळदा हिमोग्लोबिन कमी म्हणून परत पाठवतात आणि त्या हिरमुसतात. खरे तर ती घरच्यांना वेळीच मिळालेली सूचना असते. तिच्या ताटात पालेभाजी, कडधान्ये, अंडी, मासे आहेत की नाहीत ते आईने पाहावे, आणि डॉक्टरांनाही दाखवावे.

जाता जाता एक माहिती, जी मुलांना फार आवडते. ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ नावाचा एक दुर्मिळ रक्तगट आहे. तो १९५२ साली मुंबईतच डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधून काढला. साध्या तपासणीत तो ‘ओ’ गटासारखा दिसतो, पण अशा माणसाला ‘ओ’ गटाचे रक्तही चालत नाही, आपल्याच गटाचे लागते. असा एखादा युवक आपल्या धर्मग्रामातही असेल, आणि तपासणी झाल्याशिवाय त्याला ते कळणार नाही.

आता अवयवदानाकडे वळू. इथे मात्र घाई करून चालत नाही.

वर्गात पहिला प्रश्न हमखास येतो तो असा: माणूस मेल्यावर अवयव काढतात की मेलेला नसतानाच? प्रश्न भाबडा नाही, आणि मोठ्यांच्या मनातही तोच असतो. अपघातात डोक्याला जबर मार बसला किंवा मेंदूत रक्तस्राव झाला, तर मेंदूचे काम कायमचे थांबू शकते. मेंदूच श्वास चालवतो. त्यामुळे तो थांबला की श्वास थांबतो आणि काही वेळाने हृदयही थांबते. पण रुग्ण अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर असेल, तर यंत्र हवा भरत राहते आणि हृदय काही काळ धडधडत राहते. अंग ऊबदार लागते, छाती वरखाली होते. यालाच ‘ब्रेन डेड’ म्हणतात. ही कोमाची अवस्था नव्हे. कोमातल्या माणसाचा मेंदू आजारी असतो, पण जिवंत असतो. मेंदूमृत माणूस परत येत नाही. १९९४ च्या कायद्याने हा मृत्यूच मानला आहे. तो चार डॉक्टरांच्या मंडळाने दोनदा तपासून ठरवावा लागतो आणि दोन तपासण्यांमध्ये किमान सहा तासांचे अंतर असावे लागते. प्रत्यारोपण करणारे डॉक्टर त्या मंडळात असू शकत नाहीत. ‘अवयवांसाठी माझ्या मुलावर उपचार अर्धवट सोडले तर?’ या भीतीला कायद्याने दिलेले हे उत्तर आहे.

आपली ख्रिस्तसभा याबद्दल काय म्हणते? २९ ऑगस्ट २००० रोजी रोममध्ये जगभरचे प्रत्यारोपण तज्ज्ञ जमले होते. त्यांच्यासमोर संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी हा विषय सविस्तर मांडला. मेंदूचे काम संपूर्ण आणि कायमचे थांबल्याची खात्री काटेकोरपणे झाली, तर तो मृत्यूचा निकष मानण्यास हरकत नाही. दान मात्र माणसाने समजून-उमजून आणि स्वेच्छेने केलेले हवे. आणि अवयवांची विक्री ही माणसाच्या प्रतिष्ठेविरुद्ध आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथातही (परिच्छेद २२९६) मृत्यूनंतरच्या अवयवदानाला उदात्त कृत्य म्हटले आहे. इथे ‘स्वेच्छेने’ हा शब्द आम्हांला फार महत्त्वाचा वाटतो. दान न करणाऱ्या कुटुंबाला कोणी पापी ठरवू नये. आम्हीही वर्गात कोणाला हात वर करायला लावत नाही.

काहीजण म्हणतात, ‘शेवटच्या दिवशी देहाचे पुनरुत्थान होणार, मग देह पुरा नको का?’ याचे उत्तर शोधायला आपल्याला लांब जायला नको. आपल्या वसईचा सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया याला ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रूसावर चढवून भाल्यांनी भोसकले. त्या देहाला आपल्या गावची माती लाभली नाही. गोव्याला आपण संत फ्रान्सिस झेवियरच्या दर्शनाला जातो. त्याच्या उजव्या हाताचा भाग १६१४ साली वेगळा करून रोमला नेला, तो आजही तिथल्या जेझू चर्चमध्ये आहे. ज्या हाताने हजारोंना स्नानसंस्कार दिला तो हात देहाबरोबर नाही, म्हणून त्या संताच्या पुनरुत्थानाबद्दल आपल्या मनात शंका येते का? संत पौल करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १५ व्या अध्यायात पेरलेल्या दाण्याचा दृष्टान्त देतो. आपण शेतकरी माणसे, दाणा जसा पेरला तसाच उगवत नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. देव आपला देह नवा करतो, मोजून घेत नाही.

इटलीतील मिलान शहरात धन्य कार्लो न्योक्की नावाचे धर्मगुरू होऊन गेले. दुसऱ्या महायुद्धात ते सैनिकांबरोबर होते, आणि युद्धानंतर हातपाय गमावलेल्या मुलांसाठी त्यांनी आपले आयुष्य वाहिले. २८ फेब्रुवारी १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. मृत्यूपूर्वीच त्यांनी आपले डोळे दोन दृष्टिहीन मुलांना द्यावेत असे सांगून ठेवले होते. त्या काळी इटलीत त्यासाठी कायदाच नव्हता. तरी डॉक्टरांनी ती शस्त्रक्रिया केली आणि दोघांनाही दिसू लागले. पुढच्याच वर्षी तिथे कायदा झाला. २००९ मध्ये ख्रिस्तसभेने त्यांना धन्यवादित घोषित केले. आम्ही ही हकिगत वर्गात सांगतो ती एका कारणासाठी. फादर न्योक्की यांनी आपली इच्छा जवळच्या माणसांना आधीच, तोंडाने सांगून ठेवली होती.

आता मूळ मुद्दा. आपल्या कायद्यात अवयवदानाची लेखी संमती दोन साक्षीदारांसमोर द्यायची तरतूद आहे, आणि त्यातला एक जवळचा नातेवाईक असावा लागतो. आज मोबाइलवर, आधार क्रमांक देऊन, काही मिनिटांत राष्ट्रीय नोंदणी करता येते. वाहन परवान्याच्या अर्जातही अवयवदानाचा रकाना असतो. सोय चांगली आहे, पण या सोयीत एक खोट आहे. घरात कोणाला पत्ताच नसतो. उद्या देव न करो, हायवेवर बाइकचा अपघात झाला, आणि अतिदक्षता विभागाबाहेर वडिलांना कोणी विचारले, तर त्या क्षणी ते ‘नाही’ म्हणणार. कोणीही म्हणेल. मुलाला काय वाटत होते हे त्यांना माहीत नसते, आणि इतक्या दुःखात नवा विचार सुचत नाही. प्रत्यक्षात नातेवाइकांची लेखी संमती नसेल तर कोणतेही रुग्णालय पुढे जात नाही. कार्ड खिशातच राहते. (बाइकचा विषय निघालाच आहे तर सांगतो, आमच्या वर्गाला हेल्मेट न घालता येणाऱ्यांशी आम्ही आधी त्यावर बोलतो.)

म्हणून वर्ग संपताना आम्ही मुलांना एकच गृहपाठ देतो: रात्री जेवताना घरी हा विषय काढायचा. काही आया ‘अभद्र बोलू नकोस’ म्हणून ताटावरून उठवतात, हेही आम्हांला कळले आहे. मातांनो, एकदा ऐकून घ्या. मरणाविषयी बोलल्याने मरण येत नाही, नाहीतर आपण रोज ‘नमो मरिया’ म्हणताना आपल्या मरणाच्या वेळेची आठवण कशी केली असती? तुमचे उत्तर ‘नाही’ असले तरी मुलाला ते शांतपणे सांगा, आणि तुमची स्वतःची इच्छा काय तेही सांगा. आईची इच्छा काय होती, हे पन्नाशीच्या मुलालाही पुष्कळदा ठाऊक नसते.

आणखी एक गोष्ट घरातील सर्वांनी ध्यानात ठेवावी. मृत्यूनंतर मूत्रपिंड, यकृत, हृदय हे अवयव साधारणपणे रुग्णालयात मेंदूमृत्यू झाला तरच देता येतात. आपल्यातील पुष्कळजण घरीच, म्हातारपणी, देवाघरी जातात. त्यांना देता येतात ते डोळे. चष्मा असो, मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले असो, मधुमेह असो, वय ऐंशी असो, नेत्रदान करता येते. एड्स, विषाणूजन्य कावीळ, रेबीज, रक्तातील जंतुदोष असे काही आजार असतील तर घेत नाहीत. ते नेत्रपेढीचे डॉक्टर पाहतात.

नेत्रदान मृत्यूनंतर सहा तासांच्या आत व्हावे लागते. आपल्याकडे मयत झाली की आधी नातेवाइकांना फोन जातात, मग धर्मगुरूंना, मग शवपेटीची चौकशी, आणि जपमाळ सुरू होईपर्यंत चार तास गेलेले असतात. तेव्हा नेत्रपेढीला फोन आधी करावा. जवळच्या नेत्रपेढीचा नंबर वेदीजवळच्या फळ्याशेजारी तुम्हांला दिसायला हवा, तशीच घरातल्या फ्रीजवरही चिठ्ठी लावावी. मृताच्या पापण्या मिटून त्यांवर ओल्या कापसाचे बोळे ठेवावेत, पंखा बंद करावा, डोक्याखाली उशी द्यावी. डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला तयार ठेवावा. नेत्रपेढीची माणसे घरी येतात, वीस-एक मिनिटांत काम करून जातात, पैसे घेत नाहीत. चेहरा विद्रूप होत नाही. अंत्यदर्शनाला, मिस्साला, दफनविधीला काही अडथळा येत नाही.

पुढील रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर सभागृहात नेत्रदान व अवयवदानाचे फॉर्म मिळतील. कृपया तिथल्या तिथे भरून देऊ नयेत. घरी न्यावेत, सर्वांसमोर वाचावेत, आणि साक्षीदार म्हणून घरातल्याच माणसाची सही घेऊन त्यानंतरच्या रविवारी आणून द्यावेत.